टीडीएस सगळे विचारतात, दाब कोणी विचारत नाही

तर झालं असं. मे महिन्यात चार दिवस हर्णेला आत्याकडे गेले होते. संध्याकाळी बंदरावरचा माशांचा लिलाव बघून, पिशवीत बांगडे घेऊन घरी आलो, तर ओटीवर आरओचा मिस्त्री वाट बघत बसलेला. आत्याच्या मशीनचं पाणी पुन्हा मचूळ लागायला लागलं होतं. मिस्त्रीने खिशातून टीडीएस मीटर काढला, पेल्यात बुडवला, आकडा आत्यासमोर धरला आणि निकाल दिला, "मेम्ब्रेन गेला. बदलायला लागेल." दीड वर्षातला हा तिसरा मेम्ब्रेन.

आत्या माझ्याकडे वळली. "काय गो, तू पाच वर्षं ह्या मेम्ब्रेनवरच शिकतेस ना? मग सांग की, हा दर सहा महिन्यांनी मरतो कशाने?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. प्रयोगशाळेत मी मेम्ब्रेनचे नाण्याएवढे तुकडे तपासते. कुणाच्या स्वयंपाकघरातलं अख्खं मशीन कधी उघडून बघितलं नव्हतं. मिस्त्रीला "दोन दिवसांनी या" म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दापोलीहून एक प्रेशर गेज आणि एक टी-जोड आणला, पंप आणि मेम्ब्रेनच्या मधल्या नळीत बसवला आणि मशीन चालू केलं. काटा ३६ पीएसआयपर्यंत चढला आणि तिथेच थांबला. निदान तिथेच झालं होतं, फक्त ते समजावून सांगायला मला पुढचे दोन दिवस लागले. हा लेख त्याच समजावण्याचा थोडा वाढवलेला खर्डा आहे. त्यात टीका आहे: मशीन विकणाऱ्यांवर, नियम करणाऱ्यांवर, आणि आम्हा संशोधकांवरही.

दाबाचा हिशेब

शाळेत परासरण शिकलो ते आठवा. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. पाणी आपणहून कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. आरओमध्ये हाच प्रवास उलटा करायचा असतो: खारट बाजूचं पाणी मेम्ब्रेनमधून गोड बाजूला ढकलायचं. पाण्याची ओढ उलट दिशेची, म्हणून ढकलायला जोर लागतो. तो जोर म्हणजे दाब. आधी पाण्याची स्वतःची ओढ, म्हणजे परासरण दाब, भरून काढावा लागतो. त्यावर जो दाब उरेल तेवढाच आपल्या कामाचा.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. एक लिटर पाण्यात १००० मिलिग्रॅम मीठ असेल तर परासरण दाब साधारण ११ पीएसआय. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५,००० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणजे ३९० पीएसआयच्या घरात. आत्याने हा प्रश्न विचारलाच होता: "समोर सुवर्णदुर्गापर्यंत नुसतं पाणीच पाणी, ते नाही का गोड करता येत ह्यातून?" येतं, पण नुसती बरोबरी साधायलाच टाकी २७० मीटर उंच बांधायला हवी, म्हणजे दापोली गावाच्याही वर. प्रत्यक्ष कारखान्यात तर याच्या दुप्पट दाब द्यावा लागतो.

आता घरातली टाकी बघू. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १४ पीएसआय. आत्याची टाकी स्लॅबवर, नळापासून चार मीटर उंच, म्हणजे साडेपाच-पावणेसहा पीएसआय. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती ३० पीएसआयच्या आसपास असते. त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही हे कमी. घरगुती मेम्ब्रेनला ६० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. नुसत्या टाकीच्या जोरावर तो हवा असेल तर टाकी चौदाव्या मजल्यावर पाहिजे. हर्णेत चौदा मजले कुठून आणायचे?

म्हणून मशीनच्या पोटात एक छोटा बूस्टर पंप असतो. आणि मेम्ब्रेनमधून बाहेर पडणाऱ्या वाया पाण्याच्या नळीवर एक बोटाएवढा तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर. मिस्त्री त्याला एफआर म्हणतात. पंप पुढून ढकलतो आणि एफआर मागून वाट अरुंद करतो. बागेत पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात उडते ना, एफआर म्हणजे तो अंगठा. या दोघांच्या मध्ये जो दाब तयार होतो त्यावर सगळं मशीन चालतं. बाकीचं चकचकीत प्लॅस्टिक, निळा दिवा, पारदर्शक टाकी, हे सगळं या दोघांचं आवरण.

गंमत अशी की या यंत्राची रचना मुळात दुसऱ्याच घरासाठी झाली. सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पहिला कामाचा मेम्ब्रेन बनवला. १९६५मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला त्यातून गोड पाणी मिळायला लागलं. पुढे तेच तंत्र लहान होत होत सिंकखाली आलं. तिकडच्या घरात नळालाच ४०-६० पीएसआय दाब असतो, त्यामुळे पंपाशिवायही काम भागतं. लोकप्रिय घरगुती मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकात आजही क्षमता लिहिलेली असते ती ५० पीएसआय दाबाला, लिटरला २५० मिलिग्रॅम क्षारांच्या पाण्यावर. आत्याची टाकी त्या माहितीपत्रकाच्या हिशेबातच नाही.

मीटर खरं बोलतो, पण अर्धंच

आता मुख्य मुद्दा. मेम्ब्रेनमधून पाणी किती जाणार ते दाबावर ठरतं. पण क्षार किती निसटणार ते जवळजवळ दाबावर अवलंबून नसतं. ते दोन बाजूंच्या खारटपणातल्या फरकावर ठरतं. म्हणजे दाब पडला की पाणी कमी येतं, क्षार मात्र पूर्वीइतकेच येतात. कमी पाण्यात तेवढंच मीठ. पाणी खारट लागणारच.

आकड्यांत बघू. मे महिन्यात आत्याच्या विहिरीचं पाणी मीटरवर १५००च्या आसपास दाखवत होतं. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात अशाच खारावतात. त्याचा परासरण दाब साधारण १६ पीएसआय. पंप नीट चालून ७६ पीएसआय मिळाले, तर कामाचे उरले ६०. समजा अशा वेळी शंभरातले तीन क्षार निसटतात. तर पेल्यात ४५ टीडीएसचं पाणी येईल. आता दाब ३६ वर घसरला, कामाचे उरले २०. पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं आणि टीडीएस तिप्पट झाला, १३५च्या आसपास. मेम्ब्रेन तोच, धडधाकट. मीटर म्हणतो बिघडला.

मीटरचं चुकत नाही, तो आपल्यापुरतं खरं बोलतो. पण खारटपणा वाढण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखायला दुसरं एक माप लागतं: पाणी किती येतंय. मेम्ब्रेन फाटला असेल किंवा त्याची रबरी सील निसटली असेल, तर टीडीएस वाढतो आणि पाणीही वाढतं. दाब पडला असेल तर टीडीएस वाढतो आणि पाणी घटतं. मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसला असेल तरी पाणी घटतंच, पण मग गेजवरचा दाब चांगला दिसतो. म्हणजे एक वाटी, एक घड्याळ आणि एक गेज एवढ्यात तिन्ही आजार वेगळे करता येतात. मिस्त्रीच्या खिशात यातला फक्त मीटर असतो. त्याला बिचाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला शिकवणाऱ्यांनी मीटरच दिला, आणि पगार ठरतो तो बदललेल्या पार्टांवर.

आत्याच्या मशीनमध्ये नेमकं काय झालं होतं? बाहेरच्या डब्यातला पांढरा स्पन फिल्टर काढला तर तो चिऱ्याच्या रंगाचा झालेला. पावसाळ्यात विहिरीत उतरलेला जांभ्याचा लाल गाळ त्यात गच्च बसला होता. पंपाला पाणीच पुरेसं मिळत नव्हतं. अशा वेळी पंप बंद व्हावा म्हणून मशीनमध्ये लो प्रेशर स्विच असतो. पण टाकी बुटकी असलेल्या घरांत तो सारखा पडतो, मशीन सारखं थांबतं, लोक तक्रार करतात. मग कोणीतरी त्याच्या दोन वायरी जोडून तो 'डायरेक्ट' करून टाकतो. आत्याकडेही तेच केलेलं. मशीनला असलेली दाबाची एकुलती एक जाणीव आपल्याच माणसांनी काढून टाकली होती. नवा स्पन फिल्टर घातला, काटा सत्तरीच्या वर गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच जुन्या मेम्ब्रेनमधून गोड पाणी यायला लागलं. आधीचे दोन बहुधा असेच चांगले असताना भंगारात गेले.

दुकानातला खेळ

ही मशिनं विकली कशी जातात ते आठवून बघा. विक्रेता दोन पेले मांडतो, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हीत सळया सोडतो, वीज लावतो. नळाचं पाणी पिवळं, मग काळपट, वर फेस. घरातली बाई घाबरते: "हे पितोय आपण?" खरं तर तो रंग पाण्यातला नसून सळईतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजून उतरतं. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, वीज वाहत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. शहाळ्याच्या पाण्यावर हा प्रयोग केला तर तेही असंच घाण दिसेल.

या खेळाने एक गोष्ट पक्की बसवली: कमी टीडीएस म्हणजे शुद्ध. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं तेव्हा भीती असते ती जंतूंची, आणि तेव्हा टीडीएस मात्र वर्षातला सगळ्यात कमी असतो. जांभ्यातून झिरपलेलं कोकणातलं पाणी मुळात हलकं. त्या चार महिन्यांत गाळून, उकळून किंवा यूव्हीखालून काढून पाणी पिणं पुरेसं असतं. उलट एप्रिल-मे मध्ये पाणी खारावतं, तेव्हा उकळून काही उपयोग नाही; उकळल्याने मीठ जात नाही, पाणी आटून थोडं वाढतंच. तेव्हा आरओ हवाच. आरओ वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकाच विहिरीचं पाणी वर्षातून दोन रूपं घेतं, आणि मशीन मात्र बारा महिने एकाच एफआरवर, एकाच दाबावर चालतं, ही माझी तक्रार आहे.

त्यावर कहर म्हणजे 'टीडीएस अ‍ॅडजस्टर' नावाचा स्क्रू. पाणी फार फिकं लागतं म्हणून मेम्ब्रेन टाळून आलेलं थोडं पाणी शेवटी परत मिसळायचं. आधी विजेवर पंप चालवून क्षार काढायचे, तीन हिस्से पाणी मोरीत सोडायचं, आणि मग क्षारवालं पाणी स्क्रूने परत घालायचं. कमी टीडीएसच्या पाण्यावर हे मशीन बसवायचंच कशाला, हा प्रश्न त्या स्क्रूतच आहे. ग्राहकाला फिरवता येईल असा एक स्क्रू कंपन्यांनी दिला, तो पाण्याच्या चवीचा. दाब दिसेल असं मात्र काही दिलं नाही.

पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम

वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९मध्ये कडक भूमिका घेतली. जिथे टीडीएस ५००हून कमी तिथे आरओवर बंदी आणा, आणि इतर ठिकाणी आधी ६० आणि पुढे ७५ टक्के पाणी हाती लागलं पाहिजे, असं सरकारला सांगितलं. ५०० हा आकडा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातला. दुसरा स्रोतच नसेल तर हेच मानक २००० पर्यंत चालवून घेतं. हेतू अगदी रास्त होता. आत्याकडे मे मध्ये टँकरची वाट बघणारे शेजारी आहेत. रोज वीस लिटर पिण्याच्या पाण्यामागे साठ लिटर मोरीत जाताना बघणं कुणालाही टोचेल. पुढे यावर सुनावण्या, मसुदे, नियम असं बरंच झालं. पण चर्चा टक्क्यांभोवती फिरत राहिली, दाबापर्यंत आली नाही.

का यायला हवी होती, ते बघा. १०० लिटरमधले ७५ लिटर गोड करून काढले, तर सगळे क्षार उरलेल्या २५ लिटरमध्ये कोंबले जातात, म्हणजे चौपट खारट. १५०० टीडीएसच्या पाण्याचं शेवटी ६००० होतं. त्याचा परासरण दाब ६६ पीएसआय. आपला पंप देणार ७६. मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकाला कामाचे उरले फक्त दहा! तिथे पाणी जेमतेम येणार, क्षार भरपूर निसटणार, आणि कॅल्शियमचा थर बसून मेम्ब्रेन खरोखरच मरणार. उलट पाणी १५० टीडीएसचं असेल तर चौपट होऊनही ६००, दाब सहा-सात पीएसआय. तिथे ७५ टक्के मिळवणं कितीतरी सोपं.

म्हणजे जिथे पाणी वाचवणं सोपं, तिथे मशीनची गरजच नाही. जिथे मशीनची गरज आहे, तिथे साध्या पंपावर एवढं पाणी वाचत नाही. नुसता टक्का लिहिला की कंपन्यांचा आणि मिस्त्र्यांचा सोपा उपाय ठरलेला: बारीक एफआर घालायचा. टक्का वाढतो, पण दोन उन्हाळ्यांत मेम्ब्रेन दगड होतो. मग दुसरा मिस्त्री येऊन मोठा एफआर घालतो, मेम्ब्रेन टिकतो, पाणी भळभळा वाया जातं आणि दाबही पडतो. नियमात टक्क्याच्या शेजारी "किती टीडीएसला, किती दाबाला" एवढे शब्द असते तर त्याला अर्थ आला असता.

आणि आम्ही

आता घरचा आहेर. मेम्ब्रेनवरचे शोधनिबंध उघडले तर बहुतेक चाचण्या एका ठरलेल्या साच्यात असतात: २००० मिलिग्रॅम मीठ, २५ अंश तापमान, १५.५ बार दाब. १५.५ बार म्हणजे २२५ पीएसआय. माझ्या पहिल्या निबंधातले सगळे आलेख याच दाबावरचे आहेत. कारखान्यासाठी हे ठीक आहे. पण प्रस्तावनेत पहिल्याच ओळीत आम्ही लिहितो की ग्रामीण भारताला शुद्ध पाणी हवं, आणि प्रयोग करतो गावातल्या पंपाच्या तिप्पट दाबावर.

या क्षेत्रात आपलीच उलटतपासणी झाली नाही असंही नाही. एलिमेलेक आणि फिलिप यांनी २०११मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की समुद्राच्या पाण्याबाबत अधिक पाणी सोडणारा मेम्ब्रेन आणून ऊर्जेची फारशी बचत होणार नाही. मर्यादा मेम्ब्रेनची नसून निसर्गनियमाची आहे. २०१६मध्ये वर्बर आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की पाणी भराभर सोडण्यामागे धावू नका, क्षार अडवण्यात सुधारणा करा. मला हे दोन्ही पटतं, पण घरगुती यंत्राला ते जसंच्या तसं लावता येत नाही. तिथे परासरण दाब लहान असतो, त्यामुळे कमी दाबावर जास्त पाणी देणारा मेम्ब्रेन खरंच उपयोगी आहे. फक्त तो ३६ पीएसआयवर, गाळ अडकलेल्या फिल्टरमागे, वीज कमी-जास्त होत असताना कसा वागतो हे कोणीतरी मोजायला हवं. पाणी मेम्ब्रेनमध्ये विरघळून पलीकडे जातं की बारीक छिद्रांतून वाहतं, यावर २०२३पासून पुन्हा रंगतदार वाद चालू आहे. मीही तो रात्री जागून वाचते. आत्याच्या पंपाला मात्र दोन्ही मतं सारखीच.

म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही किरकोळ खर्चाच्या. मशीनवर एक काटा असू द्या, दाब दाखवणारा. माहितीपत्रकात लिहा की इतक्या टीडीएसला, इतक्या दाबावर, इतकं पाणी मिळेल आणि इतकं वाया जाईल. आणि लो प्रेशर स्विच असा बनवा की बुटक्या टाकीच्या घरात तो डायरेक्ट करावा लागणार नाही. चौथी मागणी माझ्या गाइडकडे केली आहे: पुढची चाचणी मालिका ३० ते ८० पीएसआयमध्ये, विहिरीच्या पाण्यावर. ते म्हणाले, "छापून कोण घेईल?" प्रश्न बरोबर आहे. तरी पाणी हर्णेहून कॅनमध्ये भरून आणलं आहे.

मिस्त्री ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी नवा मेम्ब्रेन घेऊन आला. आत्याने त्याला आधी चहा दिला, मग गेजसमोर उभं केलं. त्याने काट्याकडे बघितलं, वाटीत पाणी धरून मीटर बुडवला, आणि मेम्ब्रेनचं खोकं परत पिशवीत टाकलं. जाताना विचारत होता, हे गेज दापोलीत कुठल्या दुकानात मिळालं म्हणून.